गाळात रुतणारा नांगर

रोहण्याजवळच्या धरणात रंभाचा डोंगा दुसऱ्यांदा वाहत गेला, तेव्हा तिचं नवं जाळं पाण्यातल्या बाभळीच्या खुंटांत अडकून उभं फाटलं. दोरीला धोंडा बांधून तो तळाशी सोडायचा आणि डोंगा थांबला की जाळं ओढायचं, अशी तिथली रीत. पण वारा सुटला की धोंडा गाळावरून घसरायचा.

सासरचं निम्मं वावर धरणात गेल्यापासून तिचा नवरा चंद्रभान उरलेल्या तुकड्यात भाजी करायचा आणि रंभा मासे धरायची. गावातली अशी ती पहिलीच बाई. फाटलेलं जाळं पाहून चंद्रभान म्हणाला, आता पुरे, माझ्यासोबत बाजारात बस. तो मायेनंच म्हणत होता, हे तिला कळत होतं.

"पाणी नाई सोडत मी," ती म्हणाली. "धोंडा सोडतो."

आधी तिनं भंगारातून चार लोखंडी आकडे असलेला गळ आणला. गाळातून तो फणीसारखा सरकत आला आणि चौथ्या दिवशी खुंटात असा अडकला की दोर कापून द्यावा लागला. मग तिनं बांबूला डबा बांधून तळाची माती वर काढली. काळी, मऊ, लोण्यासारखी. अशाच मातीत तिनं पंधरा वर्षं मिरची लावली होती. या मातीत टोकदार वस्तू चिरत निघून जाते. वखराची पास, म्हणजे त्याचं रुंद आडवं पातं, आत शिरली, तर मात्र बैलांचा दम निघतो.

ती गावातल्या योगेंद्र वेल्डरकडे गेली. धोंड्याच्या जागी दोन रुंद पात्यांचा नांगर पाहिजे म्हणाली. त्याला वाटलं, धोंडा सरकतो म्हणजे वजन कमी पडतं.

"वैनी, वीस किलोचा करून देतो. हलनारच नाई."

"मले एकटीले उचला लागते, भाऊ. वजन राहू दे. पाते रुंद कर, अन् दांडीपाशी हलते ठेव."

पाच-सहा किलोचा नांगर तयार झाला. पण पहिल्याच दिवशी तोही सरकला. वर ओढला तर पात्यांना गाळाचा डागसुद्धा नव्हता. रंभा डोंग्यात बसून त्या स्वच्छ पात्यांकडे पाहत राहिली. मग तिला उमगलं. पाणी पंधरा हात खोल आणि दोर वीस हात; म्हणजे ओढ सरळ वरच्या बाजूला. वखरही असाच वर ओढला तर पास मातीत शिरणार नाही. ओढ आडवी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिनं ऐंशी हात दोर घेतला आणि नांगराशी बैलाची जुनी साखळी जोडली, म्हणजे दांडी तळाशी निजून राहील. पात्यांच्या मागच्या टोकाला एक बारीक दोरी बांधून तिच्यावर रिकामा डबा तरंगता ठेवला. नांगर कुठं अडकला तर उलट्या बाजूनं ओढून काढता येईल. वाऱ्याकडं तोंड करून तिनं नांगर हळूच सोडला, डोंगा मागं सरकू दिला आणि दोर बांधला. दोर ताणला गेला, डोंग्याला एक हिसका बसला. काठावरचं मोहाचं झाड आणि मागचं पंपघर तिनं एका रेषेत धरली. बराच वेळ रेषा मोडली नाही; डोंगा जागचा हलला नव्हता.

धरणावरचे सगळ्यांत जुने मासेमार बापूराव दुरून पाहत होते. नांगर वावरात असतो, एवढंच बोलून ते हसले. रंभा जाळं ओढत राहिली.

भाद्रपदातल्या एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि वारा एकदम अंगावर आला. रंभाचा नांगर रुतलेला होता, जाळं अर्धं ओढून झालं होतं. बापूरावांचा धोंडा मात्र सरकला आणि त्यांचा डोंगा सांडव्याच्या दिशेनं निघाला. वल्हं मारून मारून त्यांचे हात भरून आले होते. ते जवळून जाऊ लागले तेव्हा रंभानं जादा दोर फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा त्यांनी धरला.

"बांधा, काकाजी. डोंग्याच्या नाकाले बांधा."

दोन डोंग्यांचा भार आला तसा नांगर हातभर सरकला. ते तिच्या तळहातांना जाणवलं. घाईत दोर आवळायचा नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नांगराचा उरलेला सगळा दोर तिनं पाण्यात सोडला. ओढ आणखी आडवी झाली. दोर पुन्हा ताणला आणि थांबला. साऱ्या वादळात ती दोरावर हात ठेवून मोहाच्या झाडाकडं पाहत बसली.

वारा पडल्यावर बापूरावांनी आपला डोंगा तिच्याजवळ ओढून घेतला. मग त्यांनी विचारलं, "दोर किती सोडला वं?"

"पान्याच्या पाचपट," रंभा म्हणाली. "कमी नाई पुरत."

त्यांनी मान डोलावली आणि योगेंद्रचं दुकान कुठल्या गल्लीत आहे ते विचारून घेतलं. रंभानं सांगितलं, अर्धं राहिलेलं जाळं ओढून घेतलं आणि मग बारीक दोरी ओढून नांगर सोडवला.