पोटात सुई, दंडात हवा

मी लिफ्ट दुरुस्त करतो. वय सत्तेचाळीस, वजन ब्याण्णव किलो. गेल्या वर्षी मशीनरूमच्या चौकोनी झडपेतून वर चढताना कमरेशी अडकलो. खालून वॉचमन पाय ओढत होता आणि मी "हळू, पॅन्ट सुटतेय!" म्हणून बोंबलत होतो. अब्रू अर्धी तिथेच गेली. उरलेली मी स्वतःच्या हाताने घालवली.

जिममधला ट्रेनर म्हणाला, "काका, पेप्टाइडची इंजेक्शनं घ्या. चरबी उतरते, मसल येतो. व्यायाम मात्र हवाच."

शेवटचं वाक्य माझ्या कानांनी परस्पर गाळलं.

पाण्यात कालवून टोचायच्या पावडरीच्या चार कुप्या आणल्या आणि फ्रिजमध्ये अंड्यांमागे लपवल्या. बायकोला दुसऱ्याच दिवशी सापडल्या.

"हे काय?"

"लिफ्टच्या मोटरचं वंगण."

"फ्रिजमध्ये?"

"उन्हाने खराब होतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मोटरसुद्धा शरमली असती.

सुईची मला लहानपणापासून भीती. रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावायची, पोटाची वळी चिमटीत धरायची आणि देवाचं नाव घ्यायचं. तीन आठवड्यांत अन्नाची वासना उडाली, सहा किलो उतरले. मी आरशासमोर दंड फुगवून पाहायचो. फुगायचं काहीच नाही, पण श्वास रोखल्यामुळे चेहरा छान लाल दिसायचा.

मग एके दिवशी ब्रेकचा बोल्ट सैल करायला गेलो. पान्ह्याला लटकलो, पण तो हलेना. माझी सहकारी, अंगाने माझ्या निम्मी, म्हणाली, "सरका दादा," आणि एका झटक्यात तिने तो फिरवला. मी कौतुकाने टाळी वाजवायला उठलो आणि चक्कर येऊन तिच्याच हत्यारांच्या पेटीवर बसलो.

तिने घरी पोचवलं. बायकोने माझ्या ताईला बोलावलं. ताई नर्स आहे. तिने कुपी उजेडात धरून वाचलं, "फक्त प्रयोगशाळेसाठी. माणसांना देऊ नये. वाचता येतं ना तुला?"

"अक्षर बारीक होतं गं."

"आणि अक्कल?"

कुप्या ती घेऊन गेली आणि मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, "कुपीत काय होतं, देव जाणे. पण चरबीबरोबर स्नायूही बरेच गेलेत. पोटभर खाल्लं नाहीत, वजन उचललं नाहीत. चूल पेटवायला घरातलंच फर्निचर जाळलंत."

आता आठवड्यातून तीनदा त्यांच्या व्यायामवर्गाला जातो. तिथे बहुतेक सगळ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या आज्या. पहिल्या दिवशी बाहत्तर वर्षांच्या आजीबाईंनी माझ्या हातातले डंबेल काढून घेतले आणि हलके दिले. "पाठ सरळ, बाळा," त्या म्हणाल्या. बाळाने पाठ सरळ केली.

चार महिने झाले. काल मी त्यांच्याइतकं वजन उचललं. माझी छाती खरोखर फुगली. त्यांनी माझी पाठ थोपटली, घाम पुसला आणि स्वतःचं वजन दोन किलोंनी वाढवलं.