सात पोच्यांचा जग

मी दुधाला फेस आणायचा एक जुना स्टीलचा जग आहे, मित्रांनो. उंची वीतभरही नाही. मूठ एक, चोच एक आणि अंगावर पोचे सात. माणसं आपली वर्षं मोजतात, मी पोचे मोजतो. कोणता कधी पडला आणि कशावरून, हे मला तोंडपाठ आहे.

माझा जन्मच मारामारीतला. कारखान्यात सपाट पत्र्यावर दाबयंत्र धाडकन आदळलं आणि माझं पोट तयार झालं. मग चिमट्यात धरून तोंड पिरगाळलं, तेव्हा चोच आली. पण त्या घावांना निदान कारण होतं.

दुकानातून मला धाकटीनं निवडलं. धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून. थोरली केव्हाच वेगळी राहायला गेली होती. धाकटीला कॉफीच्या कपात दूध ओतता ओतता पानं काढायला शिकायचं होतं.

"ताई, हा मोठा घ्या, चार कप होतील," दुकानदार म्हणाला.

"मला एका वेळी एकच करायचाय. मोठ्या जगात थोडं दूध फिरत नाही." तिनं माझ्यात पाणी भरून धार सोडून पाहिली. धार बारीक, सरळ आणि थांबवली की थांबणारी. कपांचंही तसंच. उंच, सरळ ग्लास तिनं बाजूला सारले आणि रुंद तोंडाचे, वाटीसारख्या गोल बुडाचे, जाड कडेचे सहा कप घेतले.

"ह्यांच्यावर फुलं नाहीत हं," दुकानदारानं बजावलं.

"फुलं मी काढीन," ती म्हणाली.

वाफेचं छोटं यंत्र तिला मामेबहिणीनं घर बदलताना दिलं होतं. रोज सराव करायचा तर रोज तेवढं दूध आणायचं कुठून? म्हणून ती पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून वाफ द्यायची. फेस अगदी दुधासारखा येई. मग मोठे बुडबुडे फुटावेत म्हणून मला ओट्यावर तीनदा आपटायचं: ठक, ठक, ठक. आणि कालच्या कॉफीच्या चोथ्याच्या काळ्या पाण्यावर पान काढायचं.

"ती ठकठक बंद कर गं, डोकं उठतं," सासूबाई म्हणायच्या.

आता साहेबांची ओळख. धाकटीचा नवरा मालट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होता. तिथं त्याला कुणी साहेब म्हणत नसे, म्हणून घरात सगळ्यांनी म्हणायचं. पहिला पोचा पडला तो शर्टाला इस्त्री नव्हती म्हणून. दुसरा पडला, तेव्हा इस्त्री होती पण घडी चुकली होती. तिसरा रविवारचा, सुट्टीच्या दिवशी साहेबांना कारण लागत नसे. चौथ्या वेळी मी दाराच्या चौकटीवर आदळलो आणि माझी चोच डावीकडे वळली. धाकटीच्या पाठीवर किती पडले, ते पोच्यांत मोजता येत नाही. सहा कपांचे चार उरले.

प्रत्येक वेळी सासूबाई उठायच्या आणि खिडकी लावायच्या. "हळू रे, शेजारी ऐकतात." मारू नकोस असं नाही. हळू.

चोच वाकडी झाली तशी माझी धार डावीकडे पळू लागली. धाकटीनं मला टाकलं नाही. मनगट उजवीकडे कलवून ओतायला शिकली.

वर्षभरानं कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात माणूस हवं होतं. मालकीणबाईंची अट एकच: शनिवारी यायचं, एकापाठोपाठ तीन कप करायचे, तिन्हींवर सारखं पान. धाकटीला ती नोकरी हवी होती, कारण नोकरी म्हणजे त्या घराबाहेर पाय टेकायला जागा.

आणि बुधवारी साहेब लवकर घरी आले. धाकटी गच्चीवर कपडे काढत होती. ओट्यावर सुरेख पान काढलेला कप. आपल्यासाठीच ठेवलाय अशी साहेबांची खात्रीच असायची. त्यांनी मोठा घोट घेतला. मिशीला साबणाचा फेस आला, मित्रांनो, आणि तो बघायला हसण्यासारखाच होता. पण त्या घरात हसायची सोय नव्हती.

कप भिंतीवर फुटला. धाकटी धावत आली.

"विष घालतेस मला?"

"साबण आहे तो. सरावाचा. तुमच्यासाठी नव्हता."

त्यांनी माझी मूठ धरली. पाचवा पोचा कपाटाच्या कोपऱ्यावर पडला, कारण ती वाकली. सहावा भिंतीवर. मग तिनं चेहऱ्यावर डावा हात धरला आणि मी त्या मनगटावर बसलो. करकन आवाज झाला. त्या घावानं मला पोचा पडला नाही. मोडलं ते तिचं. साहेबांनी मला जमिनीवर आपटलं, तो सातवा. ती खाली पडली तरी त्यांची लाथ थांबेना.

सासूबाई उठल्या, सवयीनं खिडकीकडे गेल्या. कडीला हात लावला. मग खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. परत येऊन मला उचललं आणि खिडकीच्या चौकटीवर आपटलं. ठक, ठक, ठक.

"वर या रे सगळे. माझा मुलगा सुनेला मारतोय."

"आई, खिडकी लाव."

"लावली की इतकी वर्षं. थोरली घर सोडून गेली तेव्हाही लावलेलीच होती."

समोरचा गवंडी सगळ्यांत आधी आला आणि त्यानं साहेबांना भिंतीशी दाबून धरलं. मग पोलीस आले. जबाब सासूबाईंनी दिला, एकही पोचा न गाळता. साहेबांना घेऊन गेले.

शनिवारी धाकटी मनगटाला प्लास्टर घालून दुकानात उभी राहिली. मालकीणबाईंनी तिला कोरा, चकचकीत जग दिला. तिचा हात मात्र वाकड्या चोचीला सरावलेला. धार भलतीकडे गेली, पानाचा लगदा झाला.

"पुन्हा कधीतरी या," मालकीणबाई म्हणाल्या.

सोबत आलेल्या सासूबाईंनी पिशवीतून मला काढलं. मागोमाग उरलेले तीन कप. "ह्याच्याशी करू दे. ह्याची खोड तिला ठाऊक आहे."

डाव्या हातानं कप तिरका धरता येत नव्हता. धाकटीनं फडक्याची चुंबळ केली आणि त्यावर कप कलता ठेवला. गोल बुडाचा कप तसाच राहिला. सरळ ग्लास असता तर लवंडला असता. मी मनगटासोबत उजवीकडे कललो. एक पान. दुसरं. तिसरं.

"तिन्ही जरा झुकलेली आहेत," मालकीणबाई म्हणाल्या.

"पण सारखी झुकलीत," धाकटी म्हणाली.

त्यांनी कप शेजारी शेजारी लावून बघितले. "सोमवारी सकाळी सातला या." मग मला उचलून फिरवलं. "हा पडला होता का कुठे?"

आजवर धाकटी अशा प्रश्नाला "हो, पडला," म्हणत आली होती. माझ्याबद्दल आणि स्वतःबद्दलही.

"नाही," ती म्हणाली. "फेकला होता."

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासा, पुसा, कोरडं ठेवा, एवढंच सांगून मी गप्प बसलो असतो. पण कुणाच्या घरी पोचे पडलेलं भांडं दिसलं, तर ते कसं पडलं असं विचारू नका. कुणी फेकलं, ते विचारा. आणि उत्तर ऐकताना खिडकी लावू नका.