अखिलचा साफा

राजकुंवरबाईंनी ब्लाउजचं लेबल कापलं, शिवणीला आतून मऊ मलमल लावली आणि ब्लाउज पलंगावर ठेवला.

“बघ हर्षू, आता कुठेच टोचणार नाही.”

“टोचण्याचं नाहीच ते, मम्मी,” अखिल खिडकीकडे बघत म्हणाला. “मी साडी नेसणार नाही.”

हर्षिता हे नाव त्याने कधीच सोडलं होतं. घराने मात्र ते सोडलं नव्हतं. तो तिशीला टेकत असताना डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं, तेव्हा तर सगळ्यांच्या जिवात जीव आला. गलका सहन न होणं, नजर चुकवणं, कपडे टोचणं, सगळ्याचा उलगडा झाला. ‘मी पुरुष आहे’ हे त्याचं म्हणणंही त्यांनी त्याच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं.

आज तरुणचं लग्न होतं. या चुलतभावावर अखिलचा फार जीव. त्याच्या वरातीत त्याला चालायचं होतं, पण अखिल म्हणूनच.

खाली हॉलमध्ये त्याचे वडील दलिचंद साफे बांधत होते. धुळ्यात साफा बांधणारे हवे तितके मिळतात, पण घरच्या पुरुषांना आपणच बांधायचा, हा त्यांचा तोरा. अखिल शेरवानी घालून रांगेत शेवटी उभा राहिला. हॉलमधले पाहुणे वळून बघू लागले.

“साडी टोचते म्हणून ना, बेटा?” दलिचंदांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

बापाने वाट काढून दिली होती. नुसतं ‘हो’ म्हटलं की पाहुण्यांची तोंडं बंद, आणि वरातही पदरात. अखिलला भीती वाटत होती.

“नाही, पप्पा. टोचणं वेगळं. मी तुमचा मुलगा आहे, म्हणून आलो.”

दलिचंदांनी मागे वळून पाहिलं. आणलेली कापडं संपली होती. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा साफा उतरवला, पूर्ण उलगडला आणि अखिलच्या डोक्याभोवती पहिला वेढा दिला.

“घट्ट होतोय?”

“नाही. असाच हवा.”

वरात निघाली. बँडचा आवाज सोसावा म्हणून अखिलने कानात कापसाचे बोळे घातले होते. त्याच्या शेजारून दलिचंद उघड्या डोक्याने चालत होते. नवरदेवाचे सख्खे काका, आणि साफा नाही. मुलीकडच्या एका पाहुण्याला राहवलं नाही.

“शेठजी, तुमचा साफा?”

“एक कमी आणला,” दलिचंद म्हणाले. “घरचे मोजताना माझीच चूक झाली.”