देवाचं अक्षर

देवाचं अक्षर वाईट होतं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. ओळ डावीकडून सुरू व्हायची आणि गोठ्याच्या दाराच्या कडीपर्यंत पोचेस्तोवर टेकडी चढल्यासारखी वर जायची. मात्रा कुठल्या अक्षराची आणि वेलांटी कुणाची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

"आज काय म्हणतोय गं तुझा देव?" थोरल्या जाऊबाईंनी कुंपणावरून मान लांब केली.

"'शेण काढ' म्हणतोय."

"एवढंच?"

"मी विचारलं होतं, सगळं मीच किती दिवस रेटायचं. तर म्हणाला, शेण काढ."

"अगं, हे तर आमचे हेसुद्धा सांगतात. त्यासाठी देव कशाला हवा?" जाऊबाई म्हणाल्या आणि अजून काही वाचायला मिळतंय का बघत तिथंच उभ्या राहिल्या.

गाव तिला वकिलीण म्हणायचं, कारण ती बोलायला लागली की समोरच्याला घरी गेल्यावर उत्तर सुचायचं. देवाशीही ती आधी तोंडीच बोलायची, पण तिथंही तिचंच चालायचं. देव बापडा गप्प. मग तिनं गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर चुनखडीच्या खड्यानं लिहायला सुरुवात केली. वरची ओळ तिची, उजव्या हातानं. खालची देवाची, डाव्या हातानं. दोन्हीकडचं एकाच हातानं लिहिलं तर माणूस स्वतःशीच बडबडतोय असं वाटतं, एवढी अक्कल तिला होती. डाव्या हातानं लिहायला त्रास पडायचा, म्हणून देव थोडक्यात बोलायचा. आणि गंमत म्हणजे, डावा हात कधी कधी असं काही लिहून बसायचा की तीच दोन पावलं मागं सरून ते वाचायची, आणि मग पदर खोचून कामाला लागायची.

तिला असा धीर लागायचाच. तिचा नवरा, ज्याला पंचक्रोशी चढ्या म्हणायची, शेळ्यांसाठी डहाळ्या तोडताना झाडावरून पडला होता. तो न चढलेलं झाड गावात नव्हतं. पडला तो सगळ्यांत बुटक्या झाडावरून. हे त्याला पायाच्या मोडलेल्या हाडापेक्षा जास्त लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "हाड जुळलंय. आता चालायचं." पण चढ्या चालला नाही. पाय खाली टेकवला की जमीन हलते म्हणायचा, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. भिंत हलत नव्हती म्हणून असेल.

इकडे रानात वाफसा आला होता. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि सोडली तर फुटावी, अशी. पेरायला याहून चांगली माती नाही, आणि ती फार दिवस कुणासाठी थांबत नाही. सगळं गाव आपापल्या रानात जुंपलेलं. उसना माणूस मिळायची सोय नव्हती.

"आमचे हे म्हणत होते," जाऊबाई एकदाच्या मुद्द्यावर आल्या, "परवापर्यंत तुमची पेरणीची पाभर रानात दिसली नाही, तर तुमचं रान ते पेरणार. पडीक ठेवण्यापेक्षा बरं ना?"

"आणि पीक?"

"जो पेरेल त्याचं." जाऊबाईंनी नजर म्हशीकडे वळवली. "मी नाही हो, हे म्हणतात."

वकिलीण काही बोलली नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं. यंदा पेरलं की थोरले भावजी पुढच्या वर्षीही पेरणार, त्याच्या पुढच्याही, आणि हिला स्वतःच्या रानात पाहुणीसारखं बांधावर उभं राहावं लागणार. ते झालं की चढ्या भिंतीकडून तोंड कधी फिरवणारच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला उठायला रान हवं होतं.

त्या दिवशी दुपारी म्हशीनं पाण्याकडे जाताना दाव्याला असा हिसका दिला की दावं गुंडाळलेलं वकिलिणीचं उजवं मनगट मोडलं. म्हैस पाणी पिऊन शांतपणे परत आली. वकिलीण प्लास्टर घालून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आता फक्त देवाचाच हात उरलाय. देव लिहू शकत होता, ती नाही. शेवटी डाव्या हातानं खडा उचलला आणि दारावर लिहिलं, 'बोल'. आणि देव वाट बघत बसला.

"अगं, मग तुझंही डाव्यानंच लिही की," जाऊबाई म्हणाल्या.

"देवाच्या हातानं मी लिहू? म्हणजे त्याची खोटी सही केल्यासारखंच की."

"बरं, मी लिहिते. सांग."

वकिलीण सांगू लागली. जाऊबाईंनी खडा घेतला, पत्र्याला नाक लावलं आणि लिहिलं, 'माझे गुडघे फार दुखतात.'

"जाऊबाई, हे माझं नाही."

"असू दे गं, तो वाचतोच आहे तर."

वकिलिणीनं ते पदरानं पुसलं. घरात लिहिता येणारं आणखी एकच माणूस होतं. ती आत गेली.

"अहो, जरा उठा. लिहायचंय."

"कागद आण," चढ्या भिंतीला म्हणाला.

"दारावर लिहायचंय."

"मग मी कसा येणार? जमीन हलते, सांगितलंय ना."

दुसरी बाई यावर वाद घालत बसली असती. हिनं जाऊबाईंना हाक मारली, दोघींनी मिळून दार बिजागरीतून उपटलं, तीन चांगल्या हातांनी आत आणलं आणि खाटेला टेकवून उभं केलं. चढ्यानं मान वळवली तर समोर गोठ्याचं दार. जाऊबाई दम खात खाली बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

"तुम्ही जा आता, जाऊबाई."

"छे गं, परत न्यायला लागेल ना."

चढ्या उठून बसला. घरात गोठ्याचं दार आल्यावर माणूस किती वेळ पडून राहील? त्यानं खडा घेतला. "सांग."

"लिहा. 'देवा, या माणसाचं हाड जुळलंय.'"

"'या माणसाचं' काय?"

"देवाला कळतं कुणाचं ते. लिहा. 'पण हा उठत नाही. माझा हात मोडला. उद्या रान दुसरा पेरणार. मी याला काय सांगू?'"

खडा पत्र्यावर करकरत होता. चढ्याचं अक्षर सुरेख होतं; एकेक शब्द ओळीत बसत होता. शेवटचा शब्द लिहून झाला तरी त्याचा हात थांबला नाही. कुणी न सांगता त्यानं खाली लिहिलं, 'मी परत पडेन.'

मग खडा तिच्यापुढं धरला. तिच्याकडं बघत मात्र नव्हता.

वकिलिणीनं तो डाव्या हातात घेतला. एरवी हात आपसूक निघायचा. आज निघेना. 'पडणार नाहीस' असं लिहावं, हे तिला उघड दिसत होतं. कुणीही तेच लिहिलं असतं. खडा पत्र्याला टेकवून ती उभी राहिली, एवढा वेळ की जाऊबाईसुद्धा गुडघे विसरल्या. मग हात हलला. वाकड्या, चढत्या ओळीत एकच शब्द उमटला.

'पडशील.'

चढ्यानं तो वाचला, पुन्हा वाचला. "हे काय? याला धीर देणं म्हणतात?"

"मला काय विचारता? मी लिहिलंय का?"

"मग त्याला विचार."

"तुम्हीच विचारा. उजवा हात तुमचा आहे."

त्यानं खडा जवळजवळ हिसकावलाच. 'मग?' असं लिहिलं, आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह एवढं मोठं काढलं की खडा मोडला. उरलेला तुकडा वकिलिणीनं चिमटीत धरला. या वेळी हात थांबला नाही.

'मी खालीच आहे.'

बाहेर दार नसलेल्या गोठ्यातून म्हशीचं पारडू निघालं होतं, ते घराच्या उंबऱ्याशी येऊन आत बघत उभं राहिलं.

"देव वर असतो ना पण?" चढ्या हळूच म्हणाला.

"मलाही तसंच वाटायचं," वकिलीण म्हणाली. "हात म्हणतोय खाली."

दार त्या दिवशी परत गेलं नाही.

सकाळी बैल गाडीला, आणि मग रानात पाभरीला, जुंपले ते वकिलिणीनं, डाव्या हातानं आणि दातांनी. चढ्या बैलगाडीत बसून रानापर्यंत आला, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. खाली उतरला तो थेट पाभरीच्या मुठीवर रेलला. पाभरीवर कुणीतरी भार द्यावाच लागतो, नाहीतर फण मातीत शिरत नाही. आणि त्याला तर भार टाकायला काहीतरी हवंच होतं. शेजारी ती, बियांची ओटी पोटाशी बांधून, डावा हात बी सोडायच्या चाड्यावर. बांधावर भावजी हाताची घडी घालून उभे, त्यांच्या मागं जाऊबाई.

"हाका," ती म्हणाली.

बैल निघाले. चढ्याचे पाय फरफटले, मग पडू लागले, एक पुढं, दुसरा त्याच्याही पुढं. मागं मातीत उमटणारं पेरणीचं तास वाकडं चाललं होतं. देवाच्या ओळीपेक्षाही वाकडं. रानाच्या मध्यावर ढेकळावर त्याचा पाय मुरगळला, मूठ सुटली आणि तो तोंडावर आपटला. बैल चार पावलं जाऊन थांबले.

ती वाकली नाही. हात द्यायला तिच्याकडं चांगला हात एकच होता, आणि तो बियांनी भरलेला होता. शिवाय तिला भीती वाटत होती.

"पडले का गं?" बांधावरून जाऊबाई ओरडल्या.

चढ्या मातीत तसाच पडून होता. गाल तासात, डोळे मिटलेले. मग त्यानं बोटं मातीत खुपसली, पेरापर्यंत, मग आणखी खोल.

"ओल आहे अजून," तो म्हणाला.

"पडले!" वकिलीण बांधाकडं वळून ओरडली, गळा फाटेल एवढ्यानं. "आता पेरतोय आम्ही!"

आणि तो कोपरावर जोर देऊन उठेपर्यंत मुठीतलं बी घट्ट धरून थांबली.