शोभनाने न वाचलेला कागद

मंगळवारी विष्णू वकील घराच्या कागदांचे दोन मसुदे टेबलावर ठेवून गेले आणि त्याच दुपारी मागच्या खोलीतून शोभनाचा वाचण्याचा आवाज यायला लागला. शोभना म्हणजे माझी एकुलती नणंद, यांची धाकटी बहीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. कुणी अंगारा दिला तर गुपचूप फेकून देणारी. पण तो आवाज कसा विसरेन? हाती येईल ते ती बोट ठेवून, पुटपुटत वाचायची. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, शेव बांधून आलेला कागदसुद्धा. माझं डोकं उठायचं, चिडून ओरडायचेही. आता दार उघडलं तर आत माझ्या मुलाची, समीरची व्यायामाची सायकल आणि गाद्यांचा ढीग, बाकी कुणी नाही. दार लावलं की पुन्हा सुरू.

तिने आयुष्यात एकच कागद वाचला नाही. परदेशीपुऱ्यातलं हे घर माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अर्धा वाटा तिचा. नवऱ्याने टाकलेली, मागच्या खोलीत राहायची. आमच्याकडे बहिणीने भाऊबीजेला आपला हक्क भावाला सोडायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ओवाळून झालं आणि यांनी पाटावरूनच हक्कत्यागाचा कागद पुढे केला. तिने चष्मासुद्धा मागितला नाही. "भावाचा कागद काय वाचायचा?" म्हणाली. फक्त माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, खोली माझीच ना?"

मी म्हटलं, "तुझीच गं. ते काय लिहून द्यायला हवं?"

त्याच आठवड्यात रजिस्ट्री झाली. पुढे समीरचं लग्न ठरलं, खोली लागली. देवासच्या एका आश्रमात तिला 'थोडे दिवस' म्हणून पोचवून आलो. पिशवी मीच भरली. गाडीत बसताना तिने मला काहीच विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. अजून त्याची लाज वाटते. आठ महिन्यांत ती तिथेच गेली.

शुक्रवारी वकील परत आले. समीर शेजारी बसला होता. यांनी मृत्युपत्रात घर मला दिलं होतं, आता पुढचं मी ठरवायचं होतं. मागे पुटपुटणं चालूच होतं, पण त्या दोघांना ऐकू येत नव्हतं.

"काकीजी, दानपत्र केलं तर रजिस्ट्री झाली की घर समीरजींचं. मग मन बदललं तरी परत मिळणं मुश्कील," वकील म्हणाले. "मृत्युपत्र तुमच्यानंतर लागू होईल, तोवर केव्हाही बदला. आणि दानपत्रच करायचं असेल तर तुमचा आजन्म राहण्याचा हक्क त्यात टाकू."

"अरे भिया, क्या बात करते हो!" समीर हसला. "आई आहे ती. घर तिचंच आहे, ते काय लिहून द्यायला पाहिजे?"

मागचा आवाज एकदम थांबला.

समीर वाईट मुलगा नाही. माझ्या गोळ्या संपायच्या आधी आणून ठेवतो, गुडघ्यांना तेल लावून देतो. पण वाईट तर मीही नव्हते. त्या भाऊबीजेला मी शोभनाला जे सांगितलं ते अगदी मनापासून सांगितलं होतं. तेच आठवून मला भीती वाटली.

"मृत्युपत्र करा," मी वकिलांना म्हटलं. "घर समीरलाच. पण माझ्यानंतर."

समीरचा चेहरा पडला. वकील उगाच कागद नीट करत राहिले.

"मतलब आई, तुझा माझ्यावर भरवसाच नाही?"

"शोभनाआत्याचा माझ्यावर होता, बाळा."