आईची परात आणि उत्तरेची भिंत

मी गीता. हैदराबादच्या मलकपेठेत वाढले, समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. पण किनाऱ्यावरची वाळू कुठं जाते ते मला विचारा! आमच्या ऑफिसात तेच काम चालतं आणि त्यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

बैठकीच्या सकाळी मी आईची परात नि उलथनं पिशवीत घातलं. "तांदूळ रोळायची परात ऑफिसात? दोन्ही वापस आण!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"हौ गं, आणते."

अप्पलराजू हे आंध्रातल्या एका कोळी गावाचे पुढारी. त्यांच्या साऱ्या होड्या खाडीच्या एकाच मुखातून समुद्रात जातात. आमचे हर्षवर्धन सर त्या मुखाच्या उत्तरेला लागूनच दगडी भिंत घालायला निघाले होते. त्यांनी लाटा वेगळ्या तपासल्या, प्रवाह वेगळा. दोन्ही वेळा उत्तर एकच, वाळू हलत नाही. आजच्या बैठकीत अप्पलराजूंच्या समोरच त्यावर सरांची सही व्हायची होती. माझं डोकंच फिरलं. समुद्र काय सकाळी लाटा नि संध्याकाळी प्रवाह, असं टाइमटेबल पाळतो?

बैठकीत सगळ्यांसमोर परातीचा एक काठ मी बादलीवर झुकवला, तळाशी तांदूळ पसरले.

"गीता, समुद्राचं चाललंय, भाताचं नाही," सर हसले.

"बघा तर खरं!"

तांब्यातून संथ पाणी सोडलं. पाणी काठावरून गेलं, तांदूळ जागेवरच. मग पाणी थांबवून परात नुसती हलवली. दाणे उठले, तिथंच बसले.

"मी तेच म्हणतोय," सर म्हणाले.

मग दोन्ही एकदम केलं. हलवल्यानं दाणे उचलले गेले आणि पाणी त्यांना घेऊन बादलीकडे निघालं. सरांचं हसू गेलं. अस्सं बरं वाटलं मला!

आता वाटेत उलथनं आडवं धरलं. "बादलीकडे उत्तर. ही भिंत," मी अप्पलराजूंना तेलुगूत सांगितलं. त्याच्या अलीकडे सुपारी ठेवली. "हे तुमचं मुख."

पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं. तांदूळ उलथन्याला अडले, साचले, सुपारी गडप झाली. अप्पलराजू ताडकन उठले. पाण्यात हात घालून त्यांनी उलथनं काढून घेतलं. तांदूळ वाहून गेले, सुपारी उघडी पडली.

"गोडा वद्दु," ते म्हणाले. भिंत नको.

सरांनी पेन खिशात ठेवलं.

परात मी घरी आणली. उलथनं मात्र अप्पलराजू आपल्या पिशवीत घालून गावी घेऊन गेले. मागितलं असतं तरी त्यांनी दिलं नसतं. आई भडकणार आहे. भडकू दे.