डाव्या हाताचा चुडा

हंसाबाई माझी शेजारीण, आणि हट्टी एवढी की आमच्या बंजारा तांड्यातल्या बैलांनी तिच्याकडून शिकावं. साखरेचा आजार तिला दहा वर्षांपासून. कापूस वेचता वेचता दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा मीच तिला धरून घाटंजीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या सिस्टरनं रुपयाएवढं एक पांढरं यंत्र दाखवलं. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचं, चौदा दिवस तसंच ठेवायचं. साखर कधी चढते, कधी उतरते, सगळं त्यात कळतं म्हणे.

"पण चिकटवू कुठी? एक तरी हात मोकळा करा," सिस्टर म्हणाली.

हंसाबाईच्या दोन्ही हातांत होता तो कोपरापासून खांद्यापर्यंतचा पांढरा चुडा आमच्यात लग्नात चढतो आणि नवरा मेल्यावरच उतरतो. हंसाबाईचा नेमसिंग बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली गुजरातेत जिनिंगवर कामाला गेला, त्याला सहा वर्षं झाली. ना फोन, ना निरोप.

"नाही काढत," म्हणत ती उठलीच.

येताना एसटीत मी तिला चांगलंच झाडलं. "ज्यानं सहा वर्सांत विचारलं नाही, त्याच्यापायी जीव देतं काय?"

"चुडा उतरला तं लोकं समजतीन तो गेला," ती म्हणाली. "मंग मी वाट कोणाची पाहू?"

 

पुढच्या आठवड्यात ती चुलीपाशी पडली. घरात दुसरं माणूस नाही. मी ताक मागायला गेले म्हणून दिसली, नाहीतर कोणाला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती एकटीच घाटंजीला गेली.

दुपारच्या एसटीनं परतली, तेव्हा तिचा डावा दंड उघडा होता. विहिरीवरच्या बायकांनी तो पाहिला आणि घागरी तिथंच टाकून धावल्या. गळ्यात पडून सुरात रडायची आमची रीत. नेमसिंगचं नाव घेऊन सगळ्या रडू लागल्या.

मी पळत गेले. दंडाच्या मागे, ओढणीच्या आड चिकटवलेलं ते यंत्र मला दिसलं.

"अवं, थांबा! नेमसिंगची काही खबर नाही आली, हे तं दवाखान्याचं..."

हंसाबाईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"रडू दे वं, बिजली," ती हळूच म्हणाली. "सहा वर्सं झाले, एकटीच रडून राह्यली मी."

मीही तिच्या गळ्यात पडले.